हिरवं दिसलं की सोड

मी पन्नी बोलतेय. पार्सलची पन्नी. तुम्ही कात्रीनं माझं टोक कापता, आतली वस्तू काढून घेता आणि मग माझ्याकडे ढुंकूनही बघत नाही, तीच मी.

सध्या माझा मुक्काम तिगावात, नत्थूजींच्या पन्हेरीतल्या एका पत्र्याच्या डब्यात आहे. पन्हेरी म्हणजे संत्र्याची रोपं तयार करायची जागा. मी आता एकसंध नाही. माझ्या पट्ट्या पट्ट्या झाल्यात. पण माझं एक विचित्र आहे बघा, तुकडे झाले म्हणून मी काही मरत नाही. प्रत्येक पट्टीत मीच असते, आणि जितके तुकडे तितक्या ठिकाणची काळजी मला लागते. तशी मी मुळात काळजी करणारी नव्हते हो. उलट फार तोऱ्यात होते.

कुठल्याशा कारखान्यात प्लॅस्टिकचे दाणे वितळवून मला फुगवली, दाबली, कापली. बाहेरून राखाडी, आतून काळी. आतलं कोणाला काही दिसू नये, म्हणून मुद्दामच तशी केली. तिथला माणूस मला दोन्ही हातांनी ताणून बघत म्हणाला, "एक नंबर माल आहे. फाटत नाही, भिजत नाही, सडत नाही." मला वाटलं, केवढं हे कौतुक! आज तेच शब्द मला शिवीसारखे वाटतात.

मग नागपूरच्या बाहेरचं एक भलंमोठं गोदाम. तिथे माझ्या पोटात केसाच्या दोन क्लिपा घातल्या. एक अख्खी साडी मावली असती हो माझ्यात! त्या क्लिपांना आधी एक पारदर्शक पुडी, तिच्यावर फुगेवाली पन्नी, आणि मग मी. एवढ्याशा जिवाला एवढे कपडे. वरून एक कागदी चिठ्ठी चिकटवली, तिच्यावर नाव होतं, अश्विनी. ट्रकमधून पांढुर्ण्याला, तिथून उत्तमच्या गाडीवर बसून मी तिगावला आले. उत्तम म्हणजे पार्सल वाटणारा. त्याच्या गाडीचा हॉर्न फाटका आहे, तो वाजला की रस्त्यावरचं कुत्रंदेखील उठून बघतं.

अश्विनी पळतच आली. ती सौंसरची पोरगी, नत्थूजींच्या वैभवला दिलेली. वैभव सौंसरकडेच कंपनीत नोकरीला, सकाळी जातो तो दिवेलागणीला येतो. गावात तिला कोणी अश्विनी म्हणत नाही. वैभवची बायको, नत्थूजीची सून, नाहीतर नुसतं "वं बाई". तिच्या नावानं हाक मारून दारात येतो तो एकटा उत्तम. म्हणून मला उघडायच्या आधी तिनं त्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. मला तिचा राग कधीच आला नाही, तो यामुळेच. क्लिपा काय, त्या पांढुर्ण्याच्या बाजारातही ढिगानं मिळतात.

क्लिपा केसात गेल्या आणि मी जमिनीवर पडले. तेव्हापासून माझी धाकधूक सुरू झाली. माझ्या आधी आलेल्या बहिणींचं काय झालं ते कानावर येत होतं ना. एक शेजारच्या शकुंतलाबाईंच्या चुलीत पेटवणाला गेली, तिच्या धुरानं बाई दिवसभर खोकत होत्या. एक स्टेशनकडच्या नालीत अडकली, तिच्यापाठी सगळ्या गल्लीचं पाणी तुंबलं. एक उष्ट्या भातासकट गाईपुढं पडली. पुढचं मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही.

पण मला वच्छलाबाईंनी उचललं. त्या अश्विनीच्या सासूबाई. घरातली कोणतीच वस्तू फेकताना त्यांचा हात धजत नाही.

"राहू दे वं, कामी येईन," असं म्हणत त्यांनी मला झटकलं, घडी केली आणि गादीखाली ठेवून दिलं. तिथं माझ्यासारख्या पुष्कळजणी होत्या. मला हायसं वाटलं. चला, आग चुकली, नाली चुकली, गाय चुकली! मी किती येडी होते बघा.

आता झाडाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायीच घडलं.

नत्थूजींच्या आईचं नाव अंबाबाई. त्यांनी लावलेलं एक संत्र्याचं झाड विहिरीजवळ होतं. सगळे त्याला अंबाबाईचं झाडच म्हणायचे. त्याचं फळ पातळ सालीचं आणि इतकं गोड, की नत्थूजी पन्हेरीतली कितीतरी कलमं त्याच्याच डोळ्यांवर करायचे. कलम म्हणजे असं, की जंबेरीच्या, म्हणजे रानटी लिंबाच्या, रोपाला चीर द्यायची, त्या चिरेत चांगल्या झाडाचा डोळा, म्हणजे काडीवरची कोंब फुटायची गाठ, बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. डोळ्यानं जीव धरला की तिथून नवं झाड फुटतं.

ते झाड यंदा वाळायला लागलं. शेंड्याकडून वाळत वाळत रोग खाली आला. नत्थूजी रोज जाऊन त्याच्या बुंध्याला हात लावून यायचे. थंडी पडली तेव्हा एकाच फांदीवर हिरवं उरलं होतं. ते म्हणाले, "आता हे जाते वं. याचे डोळे काढून घेऊ, नाईतं मायची निशाणी संपली."

पट्टी पाहिजे होती. ती दरवर्षी पांढुर्ण्याला मोतीरामच्या दुकानातून यायची, काचेसारखी आरपार दिसणारी, पातळ. पण मोतीरामचं दुकान दिवाळीपासून बंद. लोक घरबसल्या मागवतात, त्याच्या पायरीवर कोण चढणार? अश्विनी म्हणाली, "आई, तुम्ही कायले फिरता? मी मोबाईलवर मागवते ना, घरी येते." तिच्या मनात काही वाईट नव्हतं. या घरात आपणही काहीतरी कामाचं करावं, एवढंच.

उत्तमचा हॉर्न वाजला, पार्सल आलं. उघडून बघतात तर खोकी चिकटवायची चिकटपट्टी! अश्विनीचं तोंड एवढंसं झालं. उत्तम ती परत घेऊन गेला. चुकीची वस्तू नागपूरहून इथवर आली, चुकीची वस्तू इथून नागपूरला गेली, जाता-येता केवढा धूर झाला, ते कोणाच्या खिजगणतीतही नाही. मोबाईलवर उत्तर आलं, बरोबर पट्टी लवकरच पाठवतो.

तोवर इकडे डोळे काढून झाले होते. ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या काड्या. त्या काही पार्सलची वाट बघत बसत नाहीत, वाळून जातात.

वच्छलाबाई आत गेल्या, गादी उचलली आणि माझी घडी घेऊन आल्या. "म्या म्हनलं नव्हतं, कामी येईन म्हनून?"

कात्रीनं माझ्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या केल्या. नत्थूजी चीर द्यायचे, डोळा बसवायचे, वच्छलाबाई मला गुंडाळायच्या, खालून वर, वरून खाली, डोळा पुरता झाकून, घट्ट. नत्थूजींनी मला बोटांत चोळून बघितलं.

"जाड हाय वं ही."

"असू द्या जी. डोळे वाळले तं काय करान?"

नत्थूजींनी पुढच्या रोपाला चीर दिली. त्यांची माय हे डोळे केळीच्या सोपटानं बांधायची, असं ते बांधता बांधता सांगत होते. केळीच्या बुंध्याचं सोलाटं काढायचं, ओलं करायचं, गुंडाळायचं. रोप जाड व्हायला लागलं की ते सोपट आपोआप कुजून गळून पडायचं, कोणाला सोडायची गरजच नाही. मी ऐकत होते आणि माझा जीव खालीवर व्हायला लागला. कारण मला एकदम आठवलं, मी सडत नाही!

सगळ्यात शेवटच्या रोपाला माझा उरलेला तुकडा आला. त्यावर अश्विनीच्या नावाची चिठ्ठी अजून तशीच होती. वच्छलाबाईंनी तोच गुंडाळला, चिठ्ठीची बाजू आत गेली, नावाचं टोक बाहेर राहिलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत विहिरीजवळच्या पाइपावर नत्थूजींचा पाय घसरला आणि मांडीचं हाड मोडलं. नागपूरला न्यावं लागलं. लेक मोनाली तिथंच राहते, म्हणून वच्छलाबाईही गेल्या. ऑटोत बसता बसता त्यांनी सुनेचा हात धरला.

"पन्हेरीले पाणी देजो. अन् त्या मायच्या झाडाच्या कलमा रोज सकाळी पाहिजो. अंदर हिरवं दिसलं की पट्टी सोडजो. हिरवं दिसल्याबिगर हात लावू नको, नाईतं डोळा पडून जाते. समजलं का?"

"हो आई. हिरवं दिसलं की सोडायची."

"विसरू नको वं. बाबाले तेच डोयापुढे दिसून राह्यलं."

ऑटो निघून गेला. मी तिथल्या तिथं हादरले. अहो वच्छलाबाई, आयुष्यभर तुम्ही मोतीरामची आरपार पट्टी बांधली! तिच्यातून हिरवं दिसायचं. माझ्यातून काय दिसणार, डोंबल? मला तर आतलं दिसू नये म्हणूनच घडवलंय! पण माझं ऐकणार कोण? चुरगाळल्याशिवाय माझ्यातून आवाजही निघत नाही.

अश्विनी मात्र फार मनापासून करायची. सकाळी चहाच्या आधी पन्हेरीत. एकेका रोपापुढे उकिडवी बसायची, मान वाकडी करून माझ्याकडे निरखून बघायची, बोटानं माझ्यावरची माती पुसायची. मग तोंड बारीक करून उठायची. राखाडी. सगळीकडे राखाडी.

आणि आत काय चाललं होतं, ते फक्त मला ठाऊक. डोळ्यांनी जीव धरला होता हो! एकेक डोळा फुगत होता, इवलं टोक बाहेर काढून मला ढुशा देत होता. रोपाचा बुंधाही जाड होत होता, त्याला जागा हवी होती. मला ताणता येईना, सैल होता येईना. मी नुसती आवळत होते. ते कोवळं टोक माझ्या काळ्या बाजूला टेकून वाकायचं, उजेड शोधायचं, पुन्हा वाकायचं. मी मनात म्हणायचे, अश्विनी, बाई गं, एकदा नखानं माझी कडा उचल. एकदाच. ती मन लावून बघायची आणि सासूचा शब्द मोडायचा नाही म्हणून हात मागे घ्यायची.

नागपूरहून फोन यायचा.

"काय वं, हिरवं दिसलं का?"

"नाही आई. अजून नाही दिसून राहिलं."

"थंडी हाय, वेळ लागन. बाबा इचारून राह्यले सारखे."

"मी रोज पाहून राहिली आई. खरंच."

"पाहतच असशीन वं. तुले कोन काय म्हनलं?"

फोन ठेवला की ती तशीच पन्हेरीच्या कडेला बसून राहायची. वैभवला म्हणाली, "माझ्याच्यानं काही बिघडलं असन का हो? पाणी जास्त झालं का?" त्याला कलमातलं काय कळतं! तो म्हणाला, "मोबाईलवर पाह्य ना." तिनं पाहिलं. मोबाईलनं तिला एक पाणी द्यायची झारी आणि एक खताची पुडी दाखवली. तिनं ती मागवली नाही, एवढं खरं.

मग एका दुपारी वारा सुटला. फार नाही, धुळीपुरता. अश्विनी वाळत घातलेले कपडे काढत होती. पन्हेरीतलं एक रोप वाकलं आणि मला बांधलेल्या जागीच कट्कन मोडलं.

ती धावत आली. मोडलेलं रोप हातात घेतलं, आणि पहिल्यांदाच माझी गाठ ओढली. मी सुटले. बुंध्यावर मी आवळल्याची खोल खाच होती. आणि खाचेत एक कोंब, माझ्या दाबानं चपटा झालेला, पिवळा पडलेला. पण टोकाशी, अगदी टोकाशी, अजून हिरवा.

"अगं बाई!" ती ओरडली. "हिरवंच होतं की आत!"

मग तिचे हात थांबेनात. घरातून ब्लेड आणलं आणि एकेका रोपावरची माझी पट्टी कापत सुटली. एक कोंब काळा पडलेला, दुसरा सडलेला, तिसरा हात लावताच गळून पडला. ती प्रत्येक वेळी "नाही नाही नाही" म्हणायची आणि पुढच्या रोपाकडे सरकायची. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही ती थांबली नाही. मी तिच्या मुठीत गोळा होत होते आणि मला माझीच किळस येत होती.

शेवटचं रोप राहिलं. तिच्या नावाचं. तिला आता बघवत नव्हतं. ब्लेड लावायच्या आधीच पट्टी हलली. रोजच्या पाण्यानं आतली कागदी चिठ्ठी भिजून लगदा झाली होती, कुजली होती, आणि तेवढी जागा सुटून मी सैल पडले होते. त्या फटीत, पट्टीच्या आडच, एक कोंब वर आला होता. वाकडा होता, पण टवटवीत हिरवा, दोन इवल्या पानांचा.

अश्विनी तिथंच मातीत बसली. पट्टीच्या बाहेरच्या टोकावर तिच्या नावाचं एखादं अक्षर उरलं होतं. तिनं पट्टी हळूच काढली आणि त्या रोपाभोवती दोन्ही हात धरून बसून राहिली.

दुसऱ्याच आठवड्यात नत्थूजींना घरी आणलं, पायाला प्लास्टर. त्यांची खाट पन्हेरीजवळ सावलीत टाकली. अश्विनीनं सगळं फोनवर सांगायचं टाळलं होतं, ते आता तोंडानं सांगायची वेळ आली. तिनं मुठीतल्या पट्ट्या सासूपुढे धरल्या.

"आई, मी रोज पाहत होती. मले हिरवं दिसलंच नाही."

वच्छलाबाईंनी एक पट्टी घेतली, उजेडापुढे धरली. खूप वेळ धरली. मग त्यांचा हात खाली आला.

"कसं दिसन? याच्यातून सूर्य दिसत नाई, तं डोळा कुठून दिसन?" त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्याच बांधली, अन् म्याच सांगतलं, हिरवं दिसल्याबिगर सोडू नको. तू कायले रडतं वं? तू तं माह्यं ऐकलं."

नत्थूजी त्या एकुलत्या रोपाकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "एक हाय ना? मायनंही एकच लावलं होतं."

"याच्याही बुडाशी वळ हाय," वच्छलाबाई वाकून बघत म्हणाल्या. "वाऱ्यानं मोडू नये बावा. काडी बांधून दे."

"कशानं बांधू?" अश्विनीनं विचारलं. आणि तिघंही माझ्याकडे बघायला लागले. मी अश्विनीच्या मुठीत अंग चोरून घेतलं. मला नका घेऊ, मला नका घेऊ! अश्विनी उठली, तिनं आपल्या जुन्या सुती ओढणीची किनार फाडली आणि त्या किनारीनं रोपाला काडी बांधली. सैल, बोट जाईल एवढी. नत्थूजी म्हणाले, शकुंतलाबाईंकडून केळीचं एक पिल्लू आणा, विहिरीपाशी लावा. सोपट कसं काढायचं ते मी दाखवीन.

"आता या पट्ट्या कुठं टाकू?" अश्विनीनं विचारलं.

चुलीत टाक, असं वच्छलाबाईंच्या तोंडाशी आलं होतं, पण शकुंतलाबाईंचा खोकला त्यांना आठवला असावा. मातीत पुरू म्हणावं, तर मातीत ते रोप. नालीत म्हणावं, तर नाली आधीच भरलेली. कोणालाच जागा सुचेना. म्हणून मी या डब्यात आहे. ठेवलेली नाही हो, नुसती टाकता येत नाही म्हणून राहिलेली.

तेवढ्यात फाटका हॉर्न वाजला.

"अश्विनीताई! पार्सल!"

उत्तमनं गाडीवरूनच हात लांब केला. अश्विनीनं ते घेतलं, चिठ्ठी वाचली.

"काय आलं वं?" नत्थूजींनी खाटेवरून विचारलं.

"पट्टी, बाबा. कलम बांधायची. त्या वेळची." तिनं टोक कापलं. आत काचेसारखी आरपार दिसणारी पट्टी होती, पातळ, अगदी जशी पाहिजे तशी. तिनं वरची कागदी चिठ्ठी, कुजेल तेवढी, नखानं सोलून काढली, आणि उरलेली राखाडी पन्नी माझ्यावर डब्यात ठेवली.

ती नवी आहे. अजून ताठ आहे, कडक आहे, तिला नव्या गोदामाचा वास येतो. रात्रंदिवस माझ्या अंगावर पडून असते. बाहेर वारा सुटला की मी कान देते, ते रोप मोडलं तर नाही ना, अजून तरी नाही. आणि ही वेडी मला तेच तेच विचारते, "ताई, आपल्याला इथं किती दिवस राहायचं?"

मी काय सांगू तिला? अंबाबाई गेल्या, त्यांचं झाड गेलं. हे वाकडं रोप मोठं होईल, फळं देईल, देवाच्या दयेनं म्हातारंही होईल. तेव्हाही आम्ही दोघी अशाच, आहोत तशा. मला तिला हे सांगवत नाही. मोबाईल हातात घेऊन तुम्ही बसता ना, काही मागवायला अंगठा खाली येण्याआधी एक क्षण थांबा आणि तिला तुम्हीच उत्तर द्या.